कच्चा खर्डा दुसऱ्याच्या हाती देताना

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत, थंडीच्या एका रात्री घडणारी दीर्घकथा मी लिहून पूर्ण केली, तेव्हा तिचा पहिला वाचक माझा भाऊ होता. तो अजूनही गावी बाग करतो. त्याने कथा एका बैठकीत वाचली आणि लगेच फोन करून सांगितले, की आपला मळा, विहिरीवरची खोली, वडिलांनी कानाला गुंडाळलेला मफलर, सगळे डोळ्यांसमोर उभे राहिले. त्याच्या आवाजातला कढ खरा होता आणि मला तो फार मोलाचा वाटला. परंतु कथेत मफलर कुठेच नव्हता. विहिरीवरची खोलीही नव्हती. माझ्या शब्दांनी त्याच्या आठवणींचे दार उघडले होते आणि त्यापुढचे सगळे त्याने स्वतःच्या मनातून वाचले होते. जो वाचक त्या बागेत कधी उभा राहिलेला नाही, त्याला माझ्या पानांवर नेमके काय दिसते, हे घरच्या वाचनातून कळणे शक्य नव्हते. म्हणून तो खर्डा मी आमच्या लेखक-मंडळींकडे नेला.

ही मंडळी म्हणजे काही संस्था नव्हे. नाशिकमध्ये राहणारे आम्ही पाच जण महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो. एक डॉक्टरताई आहेत, त्या ललित लेख लिहितात. एक कवी आहेत, ज्यांना आम्ही सर म्हणतो. आयुष्यभर छापखान्यांतून मुद्रितशोधन केलेले एक काका आहेत, ज्यांच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घाची चूक सहसा सुटत नाही. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा एक तरुण आहे, तो विज्ञानकथा लिहितो. आणि मी शाळेत मराठी शिकवते आणि कथा लिहिते. आमच्यापैकी प्रत्येकाचे लेखन दिवाळी अंकांतून अधूनमधून छापून येते. त्यामुळे मजकूर संपादकाकडे जाण्यापूर्वी तो कोणीतरी काटेकोरपणे वाचावा, ही गरज सगळ्यांची सारखीच आहे.

आमची पद्धत हळूहळू ठरत गेली. खर्डा बैठकीच्या आठ दिवस आधी सर्वांकडे पोहोचला पाहिजे, तोही कागदावर, ओळींमध्ये भरपूर जागा आणि उजवीकडे रुंद समास सोडून. बैठकीत वाचून दाखवलेल्या कथेवर आम्ही मत देत नाही. लेखक स्वतः वाचतो तेव्हा त्याचा आवाज, त्याचे थांबणे, त्याची नजर ही सगळी मजकुराच्या मदतीला धावून येतात, आणि कागदावर जिथे पोकळी आहे तिथे ऐकणाऱ्याला ती जाणवत नाही. छापलेल्या कथेच्या शेजारी लेखक बसलेला नसतो, तेव्हा परीक्षाही त्याच्यावाचूनच व्हायला हवी. दुसरा नियम असा, की चर्चा चालू असताना ज्याचा खर्डा आहे त्याने बोलायचे नाही. टिपून घ्यायचे, आणि शेवटी काही विचारायचे असेल तर तेवढेच विचारायचे. तिसरी गोष्ट मी स्वतः पाळते: खर्ड्यासोबत एक छोटी चिठ्ठी जोडून तीत दोन-तीन प्रश्न लिहिते. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न त्यात कधीच नसतो, कारण त्याला ‘छान’ याखेरीज सभ्य उत्तर नाही. ‘कोणत्या पानावर तुमचे लक्ष उडाले?’, ‘सून आणि सासरे यांचे आधी कधी भांडण झाले असेल असे तुम्हाला वाटते का?’, ‘मुलगा कुठे गेला आहे हे तुम्हाला कधी कळले?’ अशा प्रश्नांना खोटे किंवा गुळमुळीत उत्तर देणे अवघड असते.

आता कथेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्याच अंगाने घडले. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा अनेकदा राज्यात सर्वांत खाली असतो. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली किमान तापमानाची नोंद अशा दिवसांत बातम्यांमधून सगळीकडे पोहोचते, आणि काही वर्षी ती पाच अंशांच्याही खाली गेलेली आहे. थंडी एवढी उतरली की बागांमधून पहाटेच्या आधी शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, आणि मुळांशी ऊब राहावी म्हणून विहिरीचे पाणी ठिबकमधून सोडले जाते. माझ्या कथेत अशाच एका रात्री सून आणि तिचे सासरे दोघे बाग राखत आहेत. आदल्या हंगामात एका व्यापाऱ्याने शिवारात येऊन सौदा केला, माल उतरवून नेला, थोडे पैसे दिले आणि उरलेले बुडवून तो परागंदा झाला. मुलगा त्याच्या शोधात परराज्यात गेला आहे. पहाटे सून सासऱ्यांना सांगते, की यंदाचा सौदा मी करीन. कथा तिथे संपते.

बैठकीत पहिल्यांदा डॉक्टरताई बोलल्या. त्या मुंबईत वाढलेल्या आहेत आणि द्राक्षबागेशी त्यांचा संबंध बाजारापुरताच. त्या म्हणाल्या, “मला ही दोघे घाबरलेली दिसतात, पण कशाला घाबरली आहेत ते कळत नाही. थंडीने घड गळून पडतात का? झाड मरते का? की नुसता भाव कमी येतो? पहिली तीन पाने मी त्यांच्याबरोबर जागी आहे, पण मला भीती वाटत नाही.”

मी ज्या घरात वाढले तिथे लहान मुलांनाही हे माहीत असते. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. मधल्या काळात डाऊनी, भुरी हे बुरशीचे रोग आणि अवकाळी पाऊस यांतून बाग वाचवत आणलेली असते, आणि नेमके मणी फुगायच्या दिवसांत कडाक्याची थंडी पडली की फुगवण थांबते. झाड मरत नाही. मण्यांचा आकार मात्र अडतो, आणि आकारावरच भाव ठरत असल्यामुळे कर्ज फिटणार की नाही हे त्या काही रात्रींवर अवलंबून राहते. हे ज्ञान माझ्यात इतके मुरलेले होते, की ते पानावर नाही हे मला कधीच दिसले नसते. माझ्या भावालाही ते दिसले नव्हते. ते दिसायला, द्राक्षे फक्त फळवाल्याकडे पाहिलेला वाचकच लागतो.

ताईंचा प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर कथेत कसे घालायचे हे त्यांनी सांगितले नाही, आणि ते बरेच झाले. माहितीचा परिच्छेद घातला असता तर रात्रीचा ताण तिथेच विरला असता. पुढच्या खर्ड्यात मी सासऱ्यांना दिवस मोजायला लावले. शेकोटीपाशी बसल्यावर ते बोटांच्या पेरांवर मोजत म्हणतात, “छाटणीला आज सत्तर दिवस झाले. मणी अजून वाटाण्याएवढाच आहे.” सून विचारते, “आणि आठ दिवस अशीच थंडी राह्यली तर?” त्यावर ते काही बोलत नाहीत, बोटे मुठीत मिटून घेतात. एवढ्या तीन ओळींत भीती बसली. ताईंनी दुसऱ्यांदा वाचताना त्या जागी समासात फक्त ‘कळले’ असे लिहिले.

सरांनी खर्ड्यातले एकच वाक्य निवडले होते. ते वाक्य असे होते: ‘काळ्याकुट्ट, निःशब्द, गोठलेल्या त्या रात्रीत बागेच्या चारी बाजूंनी पेटलेल्या शेकोट्या जणू धरणीवर उतरलेल्या नक्षत्रांसारख्या लुकलुकत होत्या.’ हे वाक्य लिहिताना मला विलक्षण आनंद झाला होता, आणि कवी असलेल्या माणसाला तेच आवडेल असे मी धरून चालले होते. सर म्हणाले, “ही बाई संध्याकाळपासून काड्या ओढते आहे. तिचे हात सोललेले आहेत, हे तुम्हीच मागच्या पानावर लिहिले आहे. तिला शेकोटी पेटते की नाही याची चिंता आहे. नक्षत्रे तिला दिसत नाहीत, ती तुम्हाला दिसत आहेत. आणि तुम्ही तर त्या रात्री बागेत नाही.”

त्यांनी विशेषणांविषयी एक शब्दही काढला नाही. वाक्य अलंकृत आहे म्हणून वाईट, असा त्यांचा मुद्दाच नव्हता. पाहणारे डोळे कोणाचे, एवढेच त्यांनी विचारले, आणि त्यानंतर मला संपूर्ण खर्डा त्या एका प्रश्नाने तपासता आला. ते वाक्य मी काढून टाकले आणि त्या जागी लिहिले: ‘सातव्या ओळीच्या टोकाला तिने छाटणीच्या काड्यांचा ढीग रचला, पेटल्यावर त्यावर ओले गवत टाकले, आणि धूर बागेकडे वळतो की रस्त्याकडे, ते पाहत उभी राहिली.’ पहिल्या वाक्यात रात्र सुंदर होती. दुसऱ्यात ती बाई बागेत उभी आहे.

काकांची रीत निराळी. ते कोणत्याही खर्ड्यातले एक पान निवडतात आणि ते स्वतः मोठ्याने वाचतात, आणि लेखकाने फक्त ऐकायचे असते. आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात जे शिक्षण आहे ते मला अन्य कशातही मिळालेले नाही. जिथे ते अडखळतात, मागे जाऊन वाक्य पुन्हा धरतात, किंवा ज्या शब्दावर आघात अपेक्षित आहे तो सोडून भलत्याच शब्दावर जोर देतात, तिथे वाक्याची रचना डळमळीत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या दिवशी पान वाचून झाल्यावर त्यांनी आणखी दोन गोष्टी पुढे ठेवल्या. सासरे एका ठिकाणी ‘व्हतं’ म्हणतात आणि दुसऱ्या ठिकाणी ‘होतं’. खेड्यातला माणूस दोन्ही म्हणू शकतो, हे त्यांना मान्य होते. पण परक्या माणसाशी बोलताना एक आणि घरात दुसरे, असा काही हिशेब त्यात आहे का, हे त्यांनी पानांचे आकडे देऊन विचारले. हिशेब नव्हता, पण त्यांच्या प्रश्नामुळे तो मी पुढे आणला: फोनवर बँकेच्या साहेबांशी बोलताना सासरे ‘होतं’ म्हणतात आणि सुनेशी बोलताना ‘व्हतं’. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत होती. सून स्वयंपाकघरात चहा ठेवत असताना, बाहेर ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांच्या मनात काय चालले आहे, हे कथेत अर्धा परिच्छेद आले होते. “ही गोष्ट सुनेची आहे ना?” काकांनी विचारले. “मग सासऱ्यांच्या मनातले आपल्याला कोणी सांगितले?” पेन्सिलीने त्यांनी त्या अर्ध्या परिच्छेदाभोवती चौकट आखली होती, खोडले काहीच नव्हते.

सर्वांत जास्त वाद झाला तो तरुणाने मांडलेल्या मुद्द्यावर. त्याचे म्हणणे असे, की व्यापाऱ्याला कथेत आणायलाच हवे. मागच्या हंगामातला सौद्याचा प्रसंग, व्यापाऱ्याचे गोड बोलणे, वजनकाट्यापाशी उभे राहून त्याने दिलेला शब्द, हे सगळे पूर्वकथन म्हणून दाखवल्याशिवाय पैसे बुडाल्याची कळ वाचकाला लागणार नाही. सरांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या मते कथा एका रात्रीची आहे आणि तीच तिची ताकद आहे. ताई मधे कुठेतरी होत्या. मी गप्प बसून लिहून घेत होते आणि मनात ठरवूनही टाकले होते, की हे काही आपण करणार नाही.

त्याच बैठकीत शेवटाविषयी जे बोलणे झाले ते मला जास्त गोंधळात टाकणारे होते. ‘यंदाचा सौदा मी करीन’ हे सुनेचे वाक्य तरुणाला फार अचानक आलेले वाटले. सरांना ते ठरवून आणल्यासारखे, घोषणेसारखे वाटले. ताईंना ते मुळात खरेच वाटले नाही. काका म्हणाले, की वाक्य चांगले आहे पण त्यापुढचा परिच्छेद नको. एकाच जागेवर चार वाचकांनी बोट ठेवले, आणि चौघांची तक्रार निराळी, किंबहुना काही तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध. अशा वेळी कोणाचे ऐकायचे?

या प्रश्नाशी मी बरेच दिवस झगडले आणि त्यातून जे हाती लागले ते त्यानंतरच्या प्रत्येक खर्ड्याला उपयोगी पडले आहे. वाचक जेव्हा म्हणतो की इथे काहीतरी बिघडले आहे, तेव्हा तो जवळजवळ नेहमी बरोबर असतो. ते दुरुस्त कसे करायचे हे जेव्हा तो सांगतो, तेव्हा तो त्याची कथा लिहू लागलेला असतो. आणि जिथे बिघाड जाणवतो, तिथेच तो झालेला असतो असेही नाही. शेवटचे वाक्य चौघांनाही खटकले याचे कारण त्या वाक्यात नव्हते. संपूर्ण कथेत ही सून राबताना दिसत होती, जागताना, सोसताना दिसत होती, परंतु व्यवहाराशी तिचा काही संबंध आहे हे कुठेच येत नव्हते. मग पहाटे ती अचानक सौदा करायला निघाली, तर कोणाला ते घाईचे, कोणाला घोषणेसारखे आणि कोणाला खोटे वाटणारच. आणि तरुणाला व्यापारी पाहायचा होता, त्याचे मूळही तिथेच होते. बुडालेले पैसे कथेत फक्त सांगितलेले होते, डोळ्यांना दिसत नव्हते.

मी पूर्वकथन घातले नाही. कथेच्या मध्यावर, शेकोटीसाठी रॉकेलची बाटली आणायला सून घरात जाते, तिथे मी पत्र्याचा एक डबा ठेवला. त्यात मागच्या हंगामातल्या वजनाच्या चिठ्ठ्या आहेत, प्रत्येक चिठ्ठीवर क्रेटची संख्या, किलोचा आकडा आणि व्यापाऱ्याच्या माणसाची सही. नवऱ्याने हिशेब वहीत कधी उतरवलाच नाही, तो तिने मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवला आहे. ती बाटली घेते, डबा उघडते, वरच्याच चिठ्ठीवरची सही पुन्हा एकदा पाहते, आणि डबा बंद करून बाहेर येते. प्रसंग पाऊण पानाचा आहे. तरुणाला हवा असलेला व्यापारी त्या सहीत आला, पैशाला आकडा मिळाला, आणि शेवटच्या वाक्याला पाय फुटले. काकांनी सांगितलेला पुढचा परिच्छेद, ज्यात शेतकऱ्याच्या आयुष्याविषयी माझे स्वतःचे चिंतन होते, तो मग आपोआपच अनावश्यक ठरला.

बैठकीहून आल्यावर त्याच रात्री खर्ड्याला हात लावू नये, हे मी कटाक्षाने पाळते. त्या वेळी मनात एक तर बचावाची भाषा असते, नाहीतर सगळ्यांना खूश करण्याची घाई. मी चारही प्रती समोर ठेवून त्यांवरच्या खुणा एका स्वच्छ प्रतीवर उतरवून घेते, प्रत्येक वाचकासाठी शाईचा वेगळा रंग, आणि मग काही आठवडे ती प्रत कपाटात ठेवते. पुन्हा काढली की काही शेरे वाचताना अर्थच लागत नाही, आणि काही शेरे मधल्या काळात माझेच विचार झालेले असतात. जिथे दोन-तीन रंग एकत्र आले आहेत, ती जागा मी आधी पाहते.

कौतुकाविषयीही सांगितले पाहिजे, कारण प्रामाणिक अभिप्राय म्हणजे फक्त दोष दाखवणे, असा समज सर्रास आढळतो. सासऱ्यांकडे हातमोजे नाहीत, म्हणून ते जुने पायमोजे हातांत घालून शेकोट्या सारतात, असा एक तपशील मी लिहिला होता आणि तो हास्यास्पद वाटेल म्हणून काढण्याच्या बेतात होते. चारपैकी दोन प्रतींवर त्या ओळीखाली रेघ होती आणि ताईंनी शेजारी लिहिले होते, ‘इथे मला हे गृहस्थ आवडू लागले.’ ‘छान’ हा शब्द जागा दाखवत नाही, त्यामुळे त्याने आनंद होतो पण उपयोग होत नाही. ताईंच्या शेऱ्याने मला माझ्याच हातून होणाऱ्या काटछाटीपासून वाचवले. जे जमले आहे ते कुठे जमले आहे, हे कळणे पुनर्लेखनात तितकेच गरजेचे असते.

कठोरपणा आणि प्रामाणिकपणा यांत गल्लत करणारी बैठकही मी पाहिलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या साहित्यिक मेळाव्यात नवोदितांच्या वाचनाला एक मान्यवर बसले होते. एका मुलीची कथा संपताच ते “ही कथाच नाही” एवढे बोलले आणि पुढच्या वाचकाकडे वळले. त्या वाक्यात एकही माहिती नव्हती. कुठल्या पानावर त्यांचा विश्वास उडाला, कोणते पात्र त्यांना अपुरे वाटले, काहीच नाही, फक्त निवाडा. ती मुलगी त्यानंतर पुष्कळ काळ कुठे वाचायला आली नाही. मला आजही त्या प्रसंगाचा राग येतो. आमच्या बैठकीत ‘ही कथा’, ‘हे पान’, ‘मी इथे थांबले’, ‘इथे मला दोन दीर एकच वाटले’ अशी वाक्ये चालतात. ‘तुमचे लेखन’, ‘तुमची वृत्ती’ अशी सुरुवात झाली की काका हात वर करतात.

आपल्या भाषेत ही परंपरा नवी नाही. 1923 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे आदी कवी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत आणि आपल्या कविता एकमेकांपुढे ठेवत. पुढे ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, शंका विचारीत, कथा पुन्हा लिहायला लावीत. ‘साभार परत’ आलेल्या हस्तलिखितासोबत आलेले असे पत्र ही कित्येकांची लेखनशाळा ठरली. ते मासिक 1982 मध्ये बंद पडले. आजच्या दिवाळी अंकाच्या संपादकाला पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत शेकडो पाने मजकूर, जाहिराती आणि छपाई हे सगळे पार पाडायचे असते. एकेका कथेवर चार पानी पत्र लिहिण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे होईल. ते काम आता एकमेकांसाठी आपल्यालाच करावे लागणार आहे.

अर्थात एकाच दृष्टीने केलेल्या काटेकोर संपादनाचेही तोटे आहेत. 1969 मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, तेव्हा त्यांचा रोख अभिरुचीच्या अशाच मक्तेदारीवर होता. छोट्या गटातही हा धोका असतो. सतत एकमेकांचे वाचून आमच्या सगळ्यांच्याच लेखनात एक सारखा संयम येऊ लागला, भावनेचा शब्द उच्चारायला सगळेच बिचकू लागले, असे मध्यंतरी ताईंच्या लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून अधूनमधून बाहेरच्या एखाद्या वाचकाला आम्ही बैठकीला बोलावतो, शक्यतो न लिहिणाऱ्याला. आणि गटात सगळे कथाकारच असू नयेत, असे माझे ठाम मत झाले आहे. शेकोटीचे ते वाक्य कवीने पकडले, कथाकाराने कदाचित कौतुकच केले असते.

दुसरे ठाम मत असे, की अर्धी कथा कोणालाही दाखवू नये. पहिला खर्डा, मग तो कितीही ओबडधोबड असो, शेवटापर्यंत एकट्याने लिहावा. अर्धवट अवस्थेत मिळालेला अभिप्राय, चांगला असो की वाईट, कथेचे वळण ठरवू लागतो, आणि मग ती कोणाची कथा आहे हे सांगता येत नाही. कल्पना चोरीला जाईल ही भीती नवे लोक बोलून दाखवतात. एवढ्या वर्षांत तसे काही घडलेले मी पाहिलेले नाही. एकच बाग, एकच रात्र आणि एकच सून आम्हा पाच जणांना दिली, तर पाच निराळ्या कथा होतील याची मला खात्री आहे.

दुसऱ्याचा खर्डा वाचण्यात माझा जो वेळ जातो, तो मी माझ्याच लेखनाचा वेळ समजते. ताईंचे ललित लेख ओळीने वाचताना एकदा मला असे दिसले, की त्यांचा प्रत्येक लेख खऱ्या अर्थाने दुसऱ्या पानावर सुरू होतो. रुग्णालयातल्या पहाटेवरचा त्यांचा लेख मी समासात उभी रेघ ओढून, ‘इथून वाचायला सुरुवात केली तर?’ असे लिहून परत दिला. पहिले पान त्यांनी काढले आणि त्यातली फक्त एक ओळ, रात्रपाळी संपवून जाणाऱ्या आयाबाईंच्या पिशवीची, मधे कुठेतरी ठेवली. लेख उजळून निघाला. घरी येऊन मी माझ्या जुन्या कथांची पहिली पाने काढून बघत बसले, आणि निफाडच्या कथेचा आरंभ, ज्याच्यावर बैठकीत कोणी काही बोलले नव्हते, तो त्या आठवड्यात बदलला. स्वतःच्या लेखनातली सवय स्वतःला दिसत नाही. ती दुसऱ्याच्या लेखनात आधी भेटते.

ती कथा यथावकाश एका दिवाळी अंकात छापून आली. संपादकांनी शीर्षक तेवढे बदलायला सांगितले आणि ते मी बदलले. भावाने छापील कथा वाचून फोन केला, तेव्हा तो वजनाच्या चिठ्ठ्यांविषयी बोलत राहिला. त्याच्याही घरात तसा डबा आहे, हे मला माहीत नव्हते.

तरुणाचे समाधान अजून झालेले नाही. चिठ्ठीवरची सही त्याला पुरेशी वाटत नाही. व्यापाऱ्याला आपण पाहिले पाहिजे, त्याचे घर, त्याची बायको, ज्या दिवशी त्याने फोन बंद केला तो दिवस, हे त्याने छापील अंक हातात घेऊनही पुन्हा सांगितले. त्या कथेपुरते मला ते आजही पटत नाही. परंतु तो माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि आता त्याचीच एक स्वतंत्र कथा लिहून झाली आहे. खर्डा सर्वांकडे पोहोचवला आहे. सोबतच्या चिठ्ठीत या वेळी दोनच प्रश्न लिहिले आहेत: व्यापाऱ्याचा राग येतो का, आणि येत असेल तर तो कोणत्या पानावर कमी होऊ लागतो?